करवतीची दोन टोके



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा संपांच्या इतिहासाची असावी. तो इतिहास आमच्याहून अधिकारी माणसांनी पुष्कळ वेळा सांगितला आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. म्हणून आज आम्ही एका साध्या हत्याराचा इतिहास सांगणार आहोत. ते हत्यार म्हणजे ओंडक्याची फळी करणारी करवत. हा विषय आम्हाला सुचला तो आमच्या गावाकडच्या एका तरुणाने घातलेल्या कोड्यामुळे. ते कोडे शेवटी सांगू. ते समजण्यापुरता इतिहास आधी पाहिला पाहिजे.

आमचे वडील आणि थोरले काका कोकणात आरा ओढीत. झाड जिथे पडले असेल तिथेच दोन मजबूत लाकडांचा घोडा उभा करायचा, त्यावर ओंडका तिरपा चढवायचा, गेरूत भिजवलेल्या दोरीने सूत मारायचे आणि मग एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली. काका वर, वडील खाली. वरच्याने आरा उचलायचा आणि रेघ सांभाळायची. खालच्याने तो ओढायचा. लाकूड कापले जाई ते खाली ओढताना, आणि भुसाही त्याच वेळी खालच्याच्या डोळ्यांत पडे. वडील डोक्याला पंचा बांधून मान तिरकी करून ओढीत. ती मान त्यांची पुढे जन्मभर थोडी तिरकीच राहिली. संध्याकाळी काका कानस घेऊन दातांना धार लावीत बसत. आरा त्यांच्या मालकीचा होता. मजुरी मात्र दोघे सारखी वाटून घेत. काकांचे म्हणणे असे, की दोन टोकांना दोन माणसे असल्याशिवाय आरा म्हणजे नुसते लोखंड.

इंग्लंडातही हेच काम याच रीतीने चाले. फरक इतकाच, की तिथे ओंडका वर चढवण्याऐवजी माणूस खाली उतरे. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा खणीत, त्यावर ओंडका आडवा ठेवीत. एक करवत्या ओंडक्यावर, दुसरा खड्ड्यात. वरचा हा कसबी. रेघ, धार आणि हिशेब त्याच्याकडे. इंग्रजीत ‘टॉप सॉयर’ म्हणजे वरचा करवत्या हा शब्द पुढे कुठल्याही वरचढ माणसाला लावू लागले. खालच्याच्या नावाने तसा मानाचा शब्द कुणी रूढ केला नाही, यात आम्हाला नवल वाटत नाही. मजुरी शंभर फूट कापणीला इतकी, या दराने ठरे. सरे परगण्यातील फार्नम गावी जॉर्ज स्टर्ट नावाचे गृहस्थ चाके व गाड्या बनवण्याचा वडिलोपार्जित कारखाना चालवीत. त्यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या फिरत्या करवत्यांच्या जोड्या आल्या आहेत. मोठे कष्टाळू, मोठे कसबी आणि हाती पैसा आला की मोठे पिणारे. कापलेली फळी लगेच वापरायची नाही, जाडीच्या एका इंचाला एक वर्ष या हिशेबाने ती सुकू द्यायची, असा त्या काळचा दंडक. म्हणजे आज कापलेले लाकूड काही वर्षांनी गाडीला लागणार. एवढा धीर त्या धंद्यात होता.

आता कुणी विचारील, ओंडका सुताराच्या दारी नेण्याऐवजी हे करवत्ये रानोमाळ का फिरत? त्याचे उत्तर वजनात आहे. दोन फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा सागाचा ओला ओंडका घ्या. त्याचे घनफळ एकतीस घनफूट भरते आणि वजन जवळजवळ एक टन. एवढे धूड जमिनीवरून ओढू लागले की त्याचे तोंड मातीत रुतते, पुढे मातीचा ढीग साचतो आणि बैल गुडघ्यावर येतात. त्याच्या फळ्या केल्या तर एकेक फळी एक माणूस खांद्यावर नेऊ शकतो. म्हणून ओंडका करवतीकडे नेण्यापेक्षा करवत ओंडक्याकडे नेणे शहाणपणाचे.

तरी ओंडका थोडाफार हलवावा लागतोच, आणि त्यासाठी माणसाने ज्या युक्त्या काढल्या त्या आजही तशाच चालतात. पहिली युक्ती, ओंडक्याचे तोंड उचलण्याची. अमेरिकेत मिशिगनमधील मॅनिस्टी गावच्या सायलस ओव्हरपॅक या चाके बनवणाऱ्या कारागिराने १८७० च्या दशकात दहा-दहा फूट उंचीची जोडचाके विकावयास आरंभ केला. ओंडक्याचे पुढचे टोक या चाकांच्या आसाखाली साखळीने टांगायचे, मागचे टोक जमिनीवर घासू द्यायचे. निम्मा भार चाकांवर गेला आणि तोंड मातीत रुतायचे थांबले, की घोड्यांच्या जोडीला तेच काम सोपे होई. आज परसात लाकूड कापणारा माणूस लोखंडी नळ्यांची लहानशी दुचाकी कमान हाताने किंवा लहान ट्रॅक्टरने ओढतो, तेव्हा तो ओव्हरपॅकचीच चाके लहान करून वापरत असतो.

दुसरी युक्ती दोराची. ओंडका घोड्यावर किंवा गाडीवर चढवायचा असला तर दोन वासे तिरपे लावायचे. दोराचे एक टोक वर पक्के बांधायचे, दोर ओंडक्याखालून घेऊन पुन्हा वर आणायचा आणि ते मोकळे टोक ओढायचे. ओंडका स्वतःच कप्पीसारखा गरगरत वर येतो आणि ओढणाऱ्याला निम्माच जोर लावावा लागतो. दोर तेवढा दुप्पट ओढावा लागतो. आमच्या काकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी ते त्यांच्या काकांकडून घेतले होते.

या दोन माणसांच्या करवतीला पहिला प्रतिस्पर्धी भेटला तो पाण्याचा. तेराव्या शतकात फ्रान्सच्या व्हिलार द ऑनकूर या माणसाच्या चित्रवहीत पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या करवतीचे चित्र सापडते. दुसरा प्रतिस्पर्धी वारा. हॉलंडमधील कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्कीच्या फिरत्या आसाला वाकडा दांडा जोडून त्याची गती वरखाली केली आणि करवत वाऱ्यावर चालवली. इथे आमच्यासारख्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट घडली. अॅमस्टरडॅमच्या हात-करवत्यांचा संघ बळकट होता. त्याने शहरात या चक्क्यांना विरोध केला. परिणाम काय झाला? चक्क्या शेजारच्या झान नदीच्या काठी उभ्या राहिल्या, तिथे जहाजबांधणीचा धंदा भरभराटला, इतका की १६९७ साली रशियाचा झार पीटर ते काम शिकायला झानडामला येऊन राहिला. अॅमस्टरडॅमलाही पुढे चक्क्या घ्याव्याच लागल्या. संघाने दार लावले. काम खिडकीतून निघून गेले.

लंडनमध्ये याहून कडू प्रसंग घडला. थेम्सच्या काठी लाइमहाउस येथे चार्ल्स डिंग्ली याने वाऱ्यावर चालणारी करवतीची गिरणी उभारली. १० मे १७६८ रोजी सुमारे पाचशे करवत्ये चालून गेले आणि त्यांनी ती मोडून टाकली. गिरणीने आमची भाकरी हिरावली, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. पार्लमेंटने दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७६९ साली, गिरण्या मोडणे हा भयंकर गुन्हा ठरवणारा कायदा केला. भाकरीबद्दल मात्र काही केले नाही.

आम्ही तरुण असताना या पाचशे माणसांची गोष्ट सभांतून मोठ्या आवेशाने सांगत असू. आज तितक्या आवेशाने सांगवत नाही. ती माणसे भ्याड नव्हती, मूर्खही नव्हती. परंतु त्यांनी हात घातला तो लाकडाच्या चक्राला. चक्र कुणाचे, आणि त्याने वाचवलेल्या श्रमाचा वाटा कुणाला, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी विचारता आला नाही. तो विचारायला लागणारी संघटना, मताचा अधिकार, वर्तमानपत्र यांतले काहीच त्यांच्याजवळ नव्हते. हातोडा होता, तो त्यांनी वापरला.

गिरणी आल्यावरही हात-करवत्या लगेच मेला नाही, याचेही कारण वर सांगितलेले वजनच. गिरणी कापते स्वस्त. पण ओंडका तिच्या दारापर्यंत नेण्याचे भाडे त्या स्वस्ताईला खाऊन टाकी. इंग्लंडच्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत करवतीचे खड्डे वापरात होते. वाहतूक बदलली तेव्हा हा धंदा खऱ्या अर्थाने संपला. कॅलिफोर्नियातील युरेकाच्या जॉन डॉल्बीअरने १८८१ साली ओंडके तारेने खेचणारे वाफेचे यंत्र बनवले. त्याला तिथे ‘गाढव’ म्हणत. पण कित्येक बैलजोड्यांचे काम ते एकटे करी. आता मोठे जंगल मोठ्या गिरणीच्या दारात आणून टाकता येऊ लागले, आणि माणूसही जंगलातून उठून गिरणीच्या छपराखाली गेला.

छपराखाली त्याचे काय झाले? अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर छपराच्या लाकडी पट्ट्या कापणारे कामगार असत. फिरत्या चकतीपुढे हाताने ठोकळा सरकवायचा, ही त्यांची दिवसभराची क्रिया. या धंद्यातला जुना माणूस त्याच्या तुटलेल्या बोटांवरून ओळखू येई. १९१६ साली एव्हरेट येथे या कामगारांचा मजुरीसाठी संप झाला; त्यांच्या पाठिंब्याला सिअॅटलहून बोटीने आलेल्या कामगारांवर ५ नोव्हेंबर रोजी धक्क्यावर गोळीबार झाला, आणि दोन्ही बाजूंची मिळून किमान सात माणसे मेली. पुढच्या वर्षी त्या टापूतले लाकूडकामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. महायुद्धात विमानांसाठी लाकूड हवेच होते. सरकार व मालक यांनी संप करणाऱ्या संघटनेला तुरुंगात घातले, आणि तिची मागणी मात्र १ मार्च १९१८ पासून मान्य केली. चळवळीत असे होते. बी पेरणारा आत असतो आणि पीक बाहेर येते. पण पीक आले, हे खरे.

आमचे वडीलही १९८० च्या सुमारास आरा सोडून तालुक्याच्या एका आरागिरणीत लागले. काका वारले होते आणि दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता. गिरणीत चौथ्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे यंत्रशक्तीवर काम चालणाऱ्या जागी दहा माणसे असली म्हणजे ती जागा कारखाना ठरे. त्या गिरणीत बारा-तेरा माणसे राबत. हजेरीपटावर नावे कायम नऊ. वडील दहावे की बारावे, ते कुणी मोजले नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली आम्ही अर्ज केला तेव्हा पहिला प्रश्न आला, की हा मनुष्य तिथे नोकरीला होता याला पुरावा काय? पुरावा म्हणून वडिलांनी हात पुढे केला. साहेब भला माणूस होता, तो बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. पण हाताची नोंद कागदावर नव्हती. आमच्या चळवळीतल्या आयुष्याची सुरुवात त्या व्हरांड्यात झाली, म्हणून तिचा उल्लेख केला.

इथपर्यंतचा इतिहास, करवत माणसाच्या हातून गिरणीकडे कशी गेली, याचा झाला. यापुढचा भाग उलट दिशेचा आहे. गेल्या शंभर वर्षांत करवत पुन्हा ओंडक्याकडे निघाली आहे.

पट्ट्याच्या करवतीची कल्पना लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ सालीच नोंदवली होती. दोन चाकांवरून फिरणारा, दात असलेला पोलादी पट्टा, अशी ती रचना. परंतु पट्ट्याची टोके टिकाऊ रीतीने जोडता येत नसत. ही अडचण फ्रान्समध्ये क्रेपँ नावाच्या बाईंनी १८४६ च्या सुमारास जोडकामाची रीत काढून दूर केली. हीच करवत लहान करून, चाकांवर बसवून, गाडीमागे जोडून रानात नेता येईल अशी यंत्रे इंडियानापोलिसच्या वुड-मायझर कंपनीने १९८२ पासून विकावयास आणली. यात ओंडका स्थिर राहतो आणि करवत त्याच्यावरून सरकते. आमच्या काकांचीच रीत. फक्त काकांच्या जागी इंजिन.

दुसरी साखळीची करवत. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत केली, तिचे वजन सुमारे ६४ किलो होते. ती चालवायला दोन माणसे लागत; एक मोटरीकडे, एक दुसऱ्या टोकाच्या मुठीला. १९२९ साली पेट्रोलवरची आली. मग १९५० साली एकट्याने चालवायची पेट्रोल-करवत त्याच कारखान्यातून बाहेर पडली. दरम्यान अमेरिकेत ऑरेगनच्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती अळी डावी-उजवीकडे आळीपाळीने कुरतडते, हे पाहून त्याने साखळीचे दात तसे बनवले, आणि साखळी वेगाने कापू लागली.

ही करवत मुळात झाड आडवे तोडण्यासाठी. तिच्या पात्याला लोखंडी चौकट बसवली आणि ओंडक्यावर पहिल्या कापणीपुरती एक सरळ शिडी ठोकली, की तीच करवत फळ्याही काढते. उभ्या कापणीसाठी दात मात्र वेगळे घासावे लागतात. आडवी कापणी म्हणजे तंतू तोडणे, तिथे सुरीसारखा तिरपा दात हवा; उभी कापणी म्हणजे तंतूंना टोकाकडून खरवडणे, तिथे पटाशीसारखा जवळजवळ सरळ दात हवा. नुकसानही ध्यानात घ्या. साखळी आपल्या वाटेत आठ-नऊ मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकते. एक इंची तीन फळ्या काढल्या, की चौथीचा भुसा झालाच. पट्ट्याची करवत दोन-तीन मिलिमीटरच खाते. पण साखळी-करवत तुलनेने स्वस्त, खांद्यावर मावणारी. गरिबाच्या हाती आली ती तीच.

हत्यार हाताशी आले, मालकी हाताशी आली. मग अडचण कुठे राहिली? एक अडचण हातातच राहिली. जपानमध्ये सरकारी जंगलांतल्या कामगारांना १९६० च्या दशकात साखळी-करवतीच्या कंपनाने बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर जडला. हा रोग अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी १९१८ साली अमेरिकेतील दगडखाणीच्या कामगारांत तपासला होता. म्हणजे वैद्यकाला तो ठाऊक होता. जपानी कामगारांनी संघटनेमार्फत तो धसास लावला, आणि करवत हातात धरण्याला दिवसाकाठी दोन तासांची मर्यादा तिथे ठरली. त्यांनी एकही करवत मोडली नाही. त्यांनी घड्याळ मोजले. लाइमहाउसच्या पाचशे जणांना जे साधले नाही ते इथे साधले, असे आम्हाला वाटते.

दुसरी अडचण कायद्याची. आफ्रिकेत घाना देशाने १९९८ साली साखळी-करवतीने विक्रीसाठी फळ्या काढण्यावर बंदी घातली. मोठ्या गिरण्यांचे चांगले लाकूड परदेशी जाई, गावच्या सुताराला लाकूड हवेच होते, आणि शेतातल्या झाडाचा मोबदला ठेकेदाराकडून शेतकऱ्याला मिळत नसे, करवतवाल्याकडून थोडाफार मिळे. बंदीनंतरही देशातल्या बाजाराचे बहुतेक लाकूड याच करवतींतून येत राहिले. फक्त ते काम चोरीचे झाले, आणि चोरीच्या कामात जंगलाचीही निगा राहत नाही, माणसाचीही नाही. दक्षिण अमेरिकेतील गयानाने निराळी वाट धरली. तिथे हे काम कायदेशीर ठेवून गावोगावच्या लहान लाकूडतोड्यांच्या संघटनांना सरकारी जंगलात परवाने दिले. जंगल राखले पाहिजे, यात वाद नाही. आपल्याकडेही झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या कायद्याने ठराविक जातींची झाडे, बांधावरची असली तरी, परवानगीवाचून तोडता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु परवानगी मागायला एकटा माणूस जातो की संघटना जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता त्या तरुणाचे कोडे. तो आमच्या भावकीतला. पाच-सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याने साखळी-करवत घेतली; गावात तिला कटर म्हणतात. पडलेला आंबा, फणस, शिवण लोकांच्या परसातच कापून फळ्या करून देतो. दिवसाचे सात-आठ तास कटर हातात. गेल्या थंडीत तो कचेरीत आला आणि टेबलावर दोन्ही हात पसरून बसला. बोटांची टोके चुन्यासारखी. म्हणाला, “काका, सकाळी सदऱ्याची गुंडी लागत नाही. तुम्ही सगळ्यांना भरपाई मिळवून देता. मी कुणाकडे मागू? माझा मालक मीच.”

श्रोतेहो, तीस वर्षांत आम्हाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वडिलांच्या वेळी मालक होता, पण कागद नव्हता. इथे कागद आहे, पावती आहे, मालकी आहे. समोर कुणी नाही. इतिहासात करवत्याला जे हवे होते ते याला मिळाले, आणि मिळताना करवतीचे दुसरे टोक नाहीसे झाले.

आम्ही काही मोठे उत्तर काढले असा दावा नाही. तालुक्यातले असे चौदा कटरवाले गोळा केले. दोन बैठका झाल्या. तीन गोष्टी ठरल्या. कटर एकट्याने चालवायचा नाही, जोडीला माणूस हवाच. दोघांनी आलटून पालटून धरायचा, एका माणसाने दिवसाला दोन तासांवर नाही. आणि दर सर्वांनी एकच घ्यायचा. चौघे उठून गेले. त्यांचा हिशेब सरळ होता, जोडीदाराची मजुरी कोण देणार? राहिले दहा. आमचा तरुण आठ दिवस विचार करून अकरावा होऊन परत आला असता तर गोष्ट गोड झाली असती. पण तो उठून गेलेल्या चौघांतलाच एक, आणि अजून आलेला नाही. हप्ते फिटेपर्यंत येता येणार नाही, असे त्याने कळवले आहे. हप्ते आणखी दीड वर्षाचे आहेत. त्याची बोटे तितकी थांबतील की नाही, हे आम्हाला सांगता येत नाही.

म्हणून शेवटचा शब्द आपल्याशी. पावसाळ्यात आपल्या अंगणातले झाड पडेल, आणि कुणी कटरवाला दारी येईल. तो दोघांचा दर सांगेल तेव्हा, “एकट्याचे काम, दोघांचे पैसे कशाला?” असे सहज आपल्या तोंडी येईल. त्या वेळी त्याच्या बोटांकडे एकदा पाहावे. करवतीला दोन टोके असतात. दुसऱ्या टोकाची मजुरी आता आपल्याकडे मागायला आली आहे.